अर्ध्या फुटाची माती

"बाई, आपला ओटा चुकलाय."

सातवीतली शबाना पाटी छातीशी धरून उभी राहिली. वर्ग हसला.

"ओटा कसा चुकेल गं? गणित चुकतं," अंजना म्हणाली.

"गणित बरोबर हाय, बाई. मोठ्या मास्तरांनी केलेलं हाय. गेल्या साली त्यांनी तीन फूट उत्तर काढलं व्हतं. आमी आत्ता मोजला, तर चार फूट भरतोय."

अंजनाच्या हातातला खडू फळ्यावरच थांबला.

शाळेपुढचा मातीचा ओटा सारवायचा होता. तपासणीला साहेब येणार होते. शेणकाला किती लागेल ते समजावं म्हणून तिने मुलांना ओट्याचं पृष्ठफळ काढायला सांगितलं होतं. लांबी चव्वेचाळीस फूट, रुंदी पस्तीस. वरची बाजू सोपी. चार कडांसाठी मात्र उंची हवी, म्हणून पोरं सुतळी घेऊन बाहेर गेली होती. पृष्ठफळ निघालं, दोन हजार एकशे बहात्तर चौरस फूट. आणि उंची निघाली ती ही.

मोठे मास्तर म्हणजे अंजनाचे वडील, तिचे आबा, नानासो मास्तर. गेल्या वर्षी, त्रेचाळीस साली, सुभेदार लालासाहेबांनी मळ्यात विहीर पाडली आणि तिची माती शाळेच्या ओट्याला देऊ केली. मास्तरांना पुस्तकातली उदाहरणं आवडत नसत. "हौद कुणाचा, घागर कुणाची, काही ठाऊक नाही आणि पोरं उत्तर काढतात," असं ते म्हणत. त्यांनी स्वतः जाऊन विहीर मोजली. व्यास चौदा फूट, खोली तीस. मग फळ्यावर उदाहरण घातलं : एवढी माती चव्वेचाळीस बाय पस्तीसच्या जागेवर पसरली, तर ओटा किती उंच होईल?

तीन फूट.

ओटा पुरा झाला त्याच आठवड्यात मास्तर नाहीसे झाले.

नाहीशा झालेल्या माणसाबद्दल मोठ्याने विचारावं असे ते दिवस नव्हते. साऱ्या सातारा जिल्ह्यात धरपकड चालू होती. "चळवळीत गेलं असतील," एवढं म्हणून लोक आवाज खाली आणत. रेशन दुकानदार आप्पासो सांगत, त्या आठवड्यात ते कोटा आणायला वडूजला मुक्कामी होते. त्यांनी मास्तरांना मोटारतळावर म्हसवडच्या गाडीत चढताना पाहिलं होतं. लांबूनच. बोलणं झालं नव्हतं. गावाला तेवढं पुरलं. पोलिसांनी येऊन घर उचकलं आणि तेही गेले. साताऱ्यात शिकवणाऱ्या अंजनाला बोर्डाने वडिलांच्याच जागी नेमलं.

तिची आई मनुबाई मोटारीचा भोंगा वाजला की हातातलं काम टाकून दारात येई. उतरणारी माणसं बघे. मग आत जाई.

अंजनाला एवढंच हवं होतं. आईचं ते दारात येणं थांबावं. आबा आले म्हणून थांबावं, नाहीतर येणार नाहीत म्हणून.

"बाई, माती खणली की फुगती," मागच्या ओळीतला गुंडा म्हणाला.

"तुझ्या गालावानी?" कुणीतरी पुटपुटलं.

"फुगते," अंजना म्हणाली. स्वतःचा आवाज तिला परका वाटला. "पण ओटा धुम्मसाने ठोकलाय. वर एक पावसाळा गेलाय. तरी फुगवट्याचा अर्धा फूट सोडून देऊ. उरलं किती?"

"अर्धा फूट."

"म्हणजे माती किती?"

पाट्यांवर पेन्सिली खरखरल्या. "सातशे सत्तर घनफूट!"

"मग ही कुठनं आली, बाई?" शबानाने विचारलं.

अंजनाने फळा पुसला. फार घाईने पुसला. "उद्या बघू."

जे सातवीच्या पोरीला दिसलं ते आबांना दिसलं नसेल? पुरा झालेला ओटा मोजल्याशिवाय आबा घरी गेलेच नसते. त्यांच्या हाती हेच उत्तर आलं असणार. आणि ते त्यांनी कुणाला तरी सांगितलं असणार.

मधल्या सुट्टीत मुली ओट्याच्या कोपऱ्यात बसून काड्यांनी काहीतरी उकरत होत्या. निळ्या काचेच्या बांगडीचे तुकडे. काळ्या खापऱ्या. भोवतीची माती पांढुरकी, राखेसारखी.

"वरच्या थरात लय सापडत्यात बाई. खाली न्हाईत."

अंजनाने एक खापरी उचलून पदरात बांधली. कशासाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं.

माती सुभेदारांची, तेव्हा पहिला संशय सुभेदारांवर. लालासाहेब पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले. घरात बंदूक. चळवळीतल्या पोरांची नावं पोलिसांना त्यांनीच दिली, असं गावात हळूच बोललं जाई. दुपारी अंजना त्यांच्या वाटेला लागली.

अंगणात पाऊल टाकलं न टाकलं तोच आवाज आला. "थांबा! तिथंच थांबा!"

तिने पाऊल मागे घेतलं.

"पुढं पेवाचं तोंड उघडं हाय," सुभेदार म्हणाले. "पडाल."

अंगणाच्या मधोमध भुईत काळंभोर भोक होतं. सरकारला द्यायची लेव्हीची ज्वारी काढायला धान्याचं पेव उघडलं होतं. दोन गडी कडीला दोर बांधलेला कंदील आत सोडत होते. ज्योत खाली गेली, बारीक झाली आणि विझली.

"अजून न्हाई," सुभेदार गड्यांना म्हणाले. "वाफ जाऊ दे. कंदील तळाला जळत राहिला, तरच माणूस उतरायचा रं." मग अंजनाकडे वळले. "आतली कोंडलेली हवा लय वाईट. माणसाला हाक मारायला बी सवड देत न्हाई. काय काम काढलं, मास्तरीणबाई?"

"तुमच्या विहिरीबद्दल विचारायचं होतं. मुलांचं गणित आहे."

"इचारा."

"विहीर आतून दगडांनी बांधून काढलीय का?"

हा प्रश्न ती वाटभर घोकत आली होती. बांधलेली असेल, तर मुळात खणताना ती जास्त रुंद खणली असणार. मग माती जुळते. मग सगळंच जुळतं. त्यांनी 'व्हय' म्हणावं असं तिला मनापासून वाटत होतं.

"बांधायची कशाला? मुरूम हाय, ढासळत न्हाई. खणली तशीच हाय."

"मागाहून खोल केली?"

"न्हाई. तीस फुटाला पाणी लागलं, थांबलो."

"माती सगळी शाळेला दिली?"

"थोडी बांधावर टाकली. का वं, कमी पडली?"

"जास्त झाली."

सुभेदारांच्या भुवया वर गेल्या. "जास्त? ती कशी हुईल?"

"माती कशी होती?"

"वर काळी, खाली पिवळा मुरूम."

"पांढरी नव्हती?"

"आवं, पांढरी माती गावठाणात. ही बघा." त्यांनी पेवाच्या कडेची भुरकट माती पायाने उकरली. तिच्यातून राख निघाली आणि एक काळी खापरी. "वाडवडलांच्या चुलींची राख ही. मळ्यात कुठनं यायची?"

पदराच्या गाठीत बांधलेली खापरी अंजनाने मुठीत घट्ट धरली.

"शेवटच्या दिवसांत ओट्यावर माती कोण टाकत होतं?"

"माझ्या दोन गाड्या. पर गंमत सांगतो, संध्याकाळी सोडून जावं आन सकाळी येऊन बघावं, तर ओटा वाढलेला. मी म्हटलं, शाळेजवळची माणसं हातभार लावत्यात. चांगलं हाय." ते थांबले. त्यांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "बाई, हे गणितच हाय न्हवं?"

"हो," ती म्हणाली आणि निघाली.

शाळेजवळची माणसं. शाळेला लागून एकच घर होतं, आप्पासोंचं. पुढे दुकान, मागे घर.

घरात रॉकेल संपलं होतं. जायलाच हवं होतं. दिवस मावळायच्या आत ती दुकानात शिरली तेव्हा दुसरं गिऱ्हाईक नव्हतं.

आप्पासो तराजू पुसत बसले होते. मवाळ माणूस. आबांच्या बैठकीतला. वर्षभर आईची साखर त्यांनी कधी चुकवली नव्हती.

"ये अंजे. आज शाळेत लय गलका व्हता म्हणं. ओटा चुकला म्हणत्यात पोरं."

तिने डबा पुढे केला.

आप्पासोंच्या मागे आतल्या खोलीचं दार उघडं होतं. भिंतीपर्यंत पोती रचलेली. खुंटीला एक कंदील. त्याच्या काचेवर धूळ, कोळ्याची जाळी. रॉकेल विकणाऱ्याच्या घरात वर्षभर न पेटलेला कंदील. त्याच्या कडीला काथ्याचा लांब दोर बांधलेला होता, वेटोळं करून.

आप्पासोंकडे पेव नव्हतं. लेव्हीचे लोक आले तेव्हा ते साऱ्यांसमोर हसले होते. "मी तराजूवाला माणूस. मला पेव कशाला?"

"काय बघतीस?"

"काही नाही." तिने नजर तराजूवर आणली. "पोरांचं काय, आप्पाकाका. खणलेली माती फुगते हे त्यांना कळत नाही. मी समजावलं. आता पुसून टाकलं ते गणित."

आप्पासोंनी सोडलेला श्वास तिला ऐकू आला.

"तेच की! मी बी मास्तरांना हेच म्हटलं. हितंच, ओट्यावर उभं राहून. म्हटलं, फुगती माती. पर त्यांचा हट्ट. एवढी फुगत न्हाई म्हणं." त्यांनी डब्यात तेल ओतलं. हात स्थिर होता. "तू शहाणी हाईस. आईला म्हणावं, सबुरीनं घ्या. येतील."

आणि त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

घरापर्यंत तेल तिच्या पायावर सांडत होतं. तिला समजलं होतं. आपल्याला समजलंय हे त्यांना समजलं की नाही, तेवढं समजत नव्हतं.

आईने चुलीवरून वळून विचारलं, "काय झालं गं? तोंड का असं?"

"काही नाही. ऊन."

तिने दाराला कडी लावली. मग खुंटी ओढून पाहिली. आई बघत राहिली.

कुणाला सांगायचं? पोलीस पाटील नाथाजींना? ते रोज आप्पासोंकडे चहाला बसत. वडूजला फौजदाराकडे जावं, तर मोटार त्या दुकानासमोरूनच सुटे. आबांनी एकाच माणसाला सांगितलं होतं, विश्वासाच्या माणसाला, आणि ते नाहीसे झाले. मग तिने ठरवलं, एकाला सांगायचंच नाही. सगळ्यांना सांगायचं.

सकाळी बायका शेणाच्या पाट्या घेऊन ओट्यापाशी जमल्या. माणसंही आली. सुभेदार होते, पाटील होते. आप्पासो दुकानाच्या उंबऱ्यात दात घासत उभे होते. अंजनाने मुलांकडून फळा बाहेर आणवला.

"सारवण्याआधी एक उदाहरण सोडवायचं आहे," ती म्हणाली. "मोठ्या माणसांनीही ऐकावं."

"आवं, आमाला गणित कळलं असतं तर हितं राहिलो असतो का?" मागून कुणीतरी म्हणालं. लोक हसले.

"सुभेदारांच्या विहिरीतून निघाली चार हजार सहाशे वीस घनफूट माती. तिचा ओटा तीन फूट होतो. हा चार फूट आहे. फुगवट्याला अर्धा फूट दिला, तरी अर्धा उरतो. ही माती विहिरीची नाही."

हसणं थांबलं.

"काल मला वाटलं, विहीर आधी रुंद खणून मग बांधून काढली असेल. सुभेदारांच्या मनात पाप असतं, तर 'बांधलीय' एवढं म्हणून ते सुटले असते. विहीर मळ्यात, पाहायला कोण जातं? ते तसं म्हणाले नाहीत. उलट म्हणाले, थोडी माती बांधावर गेली." तिने पदराची गाठ सोडली. "ही खापरी ओट्याच्या वरच्या थरातली. तिथे राख आहे, बांगड्या आहेत. ती माती गावठाणातली, पांढरीची. म्हणजे विहिरीचं काम चालू असताना कुणीतरी गावात दुसरा खड्डा खणत होतं. गुपचूप खणलेली माती लपवायची कुठे? जिथे सारं गाव माती टाकतंय तिथे. पाट्यांनी वाहायची, तर घर जवळ हवं."

काही माना हळूहळू दुकानाकडे वळल्या.

"सातशे सत्तर घनफुटांचा खड्डा. वर घर आहे, तेव्हा विहीर नव्हे. पेव. ज्याच्याकडे पेव नाही, त्याच्या घरात कडीला दोर बांधलेला कंदील असतो कशाला?"

"पोरीचं डोकं फिरलंय," आप्पासो उंबऱ्यातून म्हणाले. "बापाच्या काळजीनं. पाटील, घरी न्या तिला."

"आप्पाकाका, आबा गेले त्या आठवड्यात तुम्ही कुठे होता?"

"वडूजला. समद्या गावाला ठावं हाय."

"आबांना कधी भेटला नाहीत?"

"लांबनं बघितलं, मोटारीत चढताना. पोलिसांना बी सांगितलंय."

"ओटा चार फूट झाला तो त्याच आठवड्यात. त्याआधी त्याबद्दल वाद घालायला काही नव्हतंच. मग माती फुगते की नाही, यावर आबा तुमच्याशी ओट्यावर उभं राहून कधी बोलले?"

आप्पासोंच्या तोंडातली काडी तशीच राहिली.

"असं कवा म्हटलो मी?"

"काल. तेल ओतताना."

"पोरगी खोटं बोलती."

"मग दुकान उघडून दाव की गड्या," सुभेदार पुढे होत म्हणाले. "खोटं ठरलं, तर मी तुझ्या पाया पडीन."

आप्पासो दारातून हलले नाहीत. पाटलांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना बाजूला केलं. जरा वेळ लागला, पण केलं.

पोती हलवली. खालची जमीन सारवलेली होती. सुभेदारांनी पहारीचं टोक आपटलं आणि आवाज पोकळ आला. शेणमातीखाली फरशी निघाली.

खुंटीवरचा कंदील काढून पुसला, पेटवला आणि त्याच्याच दोराने आत सोडला. ज्योत फार खाली गेलीच नाही. विझली.

सगळे तोंडाभोवती उभे राहिले. आता थांबायचं होतं. त्या थांबण्यात आप्पासो भिंतीला टेकून खाली बसले.

"मी हात न्हाई लावला मास्तरांना," ते म्हणाले.

"मग काय केलंस?" पाटलांनी विचारलं. चहाच्या मित्राचा आवाज त्यात नव्हता.

"कोट्याची ज्वारी व्हती आत. सांगलीला दुप्पट भाव... मास्तर आले. म्हणं, आप्पा, ही माती तुझ्या घरची तर न्हाई? पांढरी हाय. म्हटलं, आत या, दावतो."

"आणि?"

"पेव बघून रागावले न्हाईत. म्हणं, माप घेतो, जुळतंय का बघतो. मग तुझं काय करायचं ते बोलू." आप्पासोंनी तोंड पुसलं. "उतरायच्या आधी इचारलं, कंदील सोडला व्हतास का?"

"तू काय म्हटलास?"

आप्पासोंनी पेवाच्या तोंडाकडे पाहिलं.

"व्हय म्हटलं."

अंजना बाहेर आली. ओट्याच्या कडेला बसली. तिची आई शेणाची पाटी काखेत धरून तिथेच उभी होती. तिने पाटी खाली ठेवली आणि लेकीच्या शेजारी बसली.

दुपारी फौजदार आले. पेव श्वास घेण्याजोगं झाल्यावर सुभेदार स्वतः उतरले, दुसऱ्या कुणाला उतरू दिलं नाही. मास्तर ज्वारीखाली होते. त्यांच्या मुठीत गाठी मारलेली सुतळी होती, फुटाफुटावर एक गाठ. माप घ्यायला सुरुवात झाली होती.

क्रियाकर्म झाल्यावर गावाने पेव बुजवायचं ठरवलं. माती कुठली, हे कुणाला विचारावं लागलं नाही. ओट्याचा वरचा अर्धा फूट उतरवला. पोरांनी आधी पेव मोजलं. दहा फूट रुंद, दहा खोल. सातशे पंचाऐंशी घनफूट. माती थोडी कमी पडली, ती सुभेदारांनी आपल्या बांधावरून आणली.

"बाई, आता ओटा बरोबर?" शबानाने विचारलं.

"साडेतीन फूट. अर्धा फुगवट्याचा," अंजना म्हणाली. "बरोबर."

बायका सारवायला बसल्या. मनुबाई कोपऱ्यापासून सुरुवात करून हाताने अर्धगोल काढत मागे सरकत होती. वडूजच्या वाटेवर मोटारीचा भोंगा वाजला.

अंजनाने मान वर केली.

मनुबाईचा हात क्षणभर थांबला. मग तिने तो अर्धगोल पुरा केला, हात पाण्यात बुडवला आणि शेजारचा सुरू केला.